नायक विंगेत

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या हौशी नाटक मंडळात मी आठ वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत उभं राहून वहीतली वाक्यं नायकाला हळूच पुरवायची, हे माझं काम. नायक महसूल खात्यात कारकून होता. आवाज खणखणीत, पाठांतर शून्य. टाळ्या त्याला मिळायच्या आणि मी आतल्या आत जळायचो.

मग हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली, मराठी कारकुनांच्या बदल्यांचे हुकूम निघाले आणि त्याला औरंगाबाद मिळालं. प्रयोग तोंडावर आला होता. सगळं पाठ असलेला मी एकटाच, म्हणून त्याची भूमिका माझ्या गळ्यात पडली.

त्या संध्याकाळी पडदा उघडला आणि मी पहिलं वाक्य बोललो ते सवयीनं विंगेतल्यासारखं, कुजबुजत. मागून कोणीतरी म्हणालं, "जरा जोरसे बोलो ना मियाँ." माझा आवाज आणखीच खाली गेला.

तेवढ्यात विंगेतून माझं पुढचं वाक्य आलं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. त्याच रात्रीच्या गाडीनं औरंगाबादला निघालेला आमचा नायक ट्रंक काचीगुडा स्टेशनवर ओळखीच्या हमालाकडे सोपवून आला होता आणि नव्या प्रॉम्प्टरच्या हातची वही त्यानं घेतली होती. हळू बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. तो गर्जत राहिला, मी ओठ हलवत राहिलो.

नाटक संपलं, टाळ्या पडल्या. वळून पाहिलं तर वही स्टुलावर होती आणि तो गाडीला निघून गेला होता. मी त्या रिकाम्या विंगेकडे तोंड करून वाकलो. लोकांना वाटलं, नवखा आहे, दिशा चुकली.