अख्ख्या शिफ्टचं बीपी

पाचोडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या साळवे बाई नसत्या, तर शेंद्र्याच्या कारखान्यात कामगारांचं बीपी मोजण्याऐवजी मी तिथंच खोकी उचलत असतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नर्सिंगच्या अॅडमिशनला बाई स्वतःचा डबा घेऊन माझ्याबरोबर दिवसभर रांगेत बसल्या होत्या. म्हणून त्या सकाळी ओळीनं चौदावा माणूस हाय बीपीचा निघाला, तेव्हा मला पहिली शंका आली ती माझ्या शिक्षणावरच.

कंपनीत वर्षातून एकदा सगळ्यांचं मेडिकल होतं. पहिल्या टेबलावर वजन, दुसऱ्यावर डोळे, तिसऱ्यावर मी बीपीचं मशीन घेऊन, मग रक्त आणि शेवटी लघवीची बाटली.

चौदावे होते साहेबराव, ओव्हरहेड क्रेनचे ऑपरेटर. शेडच्या छताखालून टनावारी लोखंड खालच्या माणसांच्या डोक्यावरून नेणारा माणूस. त्यांचं बीपी आलं एकशे चौसष्ट-एकशे दोन. आमच्याकडे नियम असा, की एकशे साठ-शंभरच्या वर आकडा गेला तर तो आटोक्यात येईपर्यंत क्रेन बंद. खाली पॅकिंगला जायचं.

"साहेबराव, काही त्रास होतोय का?"

"नाय."

"डोकं दुखतं?"

"नाय. तू लवकर लिही."

एरवी हा माणूस एका प्रश्नाला चार गोष्टी सांगतो. त्या दिवशी पायावर पाय घट्ट टाकून, ओठ मिटून, वरचा पाय हलवत बसलेला. मला वाटलं, घाबरलेत.

मशीनचे सेल बदलले. पट्टा बदलला. आकडा तोच. तेवढ्यात एचआर मॅनेजर आले आणि त्यांनी माझ्या कागदावर नजर टाकली.

"चौदापैकी चौदा? कँटीनमध्ये मीठ जास्त पडतंय का?"

"सर, एका जेवणानं असं होत नाही."

"मग मशीन बिघडलंय. माझं घे."

त्यांचं आलं एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर. ते खूश होऊन गेले, मी आणखी गोंधळलो.

व्हिजिटिंग डॉक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं शांत बसवा, परत घ्या. क्रेनचा माणूस आहे, घाई नको." मी साहेबरावांना बसवलं. तिसऱ्या मिनिटाला ते उठलेच.

"भाऊ, क्रेन गेली तरी चालंल. मला आधी जाऊन येऊ दे."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? पहाटंच्या बसपासून धरून बसलोय."

मी रांगेकडे पाहिलं. सगळेच पायात पाय अडकवून उभे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मग उलगडा झाला. मागच्या वर्षी पेंटशॉपच्या एकाला शेवटच्या टेबलावर बाटली भरताच आली नाही. दीड तास तो पाणी पीत बसला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'कोरडा बोअर'. आता तो सुपरवायझर झालाय, तरी नाव गेलं नाही. ते नाव नको म्हणून यंदा अख्खी शिफ्ट घरून भरपूर पाणी पिऊन आणि धरून आली होती.

लघवी दाबून धरली की बीपी तात्पुरतं चढतं. पायावर पाय टाकला, मोजताना बोललं, तरीही चढतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्या सकाळी मात्र चौदा जणांपैकी एकालाही विचारलं नव्हतं.

मी बाटलीचं टेबल सगळ्यात पुढं आणलं. रांगेची शिस्त पाच मिनिटं पार मोडली. परत मोजलं तेव्हा तेरा जणांचं नॉर्मल आलं. साहेबरावांचं एकशे शेहेचाळीस-ब्याण्णव.

"उतरलं की," ते म्हणाले. आता त्यांना वाचा फुटली होती.

"क्रेन वाचली तुमची. पण हे अजून जास्तच आहे."

"मला तर कायबी होत नाय."

"तीच तर अडचण. तुमच्या शेतातल्या पाइपला रोज जास्त दाब दिला तर?"

"सांधे जातात. पाइप लगेच फुटत नाय."

"इथं सांधे म्हणजे हृदय, मेंदू, किडनी, डोळे. जाईपर्यंत कळत नाही."

"मंग लोणचं बंद का?"

"रोज किती खाता?"

"भाकरीला लावून. म्हंजे भाकरी दिसत नाय एवढं."

पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा मोजलं. जास्तच आलं. मॅडमनी गोळी सुरू केली, लोणचं एका फोडीवर आलं, आणि साहेबराव रोज गेटपासून शेडपर्यंत चालत येऊ लागले. ते अजून क्रेनवरच आहेत. मी एवढं शिकलो, की मशीनवर संशय घेण्याआधी माणसाला विचारावं.

त्याच आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं.

"आदरणीय बाई, सप्रेम जय भीम.

बरं वाटतंय म्हणून तुम्ही बीपीची गोळी सोडल्याचं माझ्या ताईकडून कळलं. बाई, गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मोजायला जाल तेव्हा आधी पाच मिनिटं बसा, पाय जमिनीला टेकवा, बोलू नका. आणि त्याही आधी लघवीला जाऊन या. वर्गात आम्ही करंगळी वर केली की तुम्ही 'मधल्या सुट्टीत' म्हणायचात. तुमचं सगळं ऐकलं म्हणून मी इथवर आलो. एवढ्या एका बाबतीत आता तुम्ही माझं ऐका.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद"