लवंग्यानं ऐकलं

“काय करत नाय म्हन्ता तात्यासाहेब, मंग देवानं दात कशाला दिले त्याला? भुईमुगाच्या शेंगा फोडायला?”

“खेळतंय वो ते, बाई. तुमचंच कुत्रं खवीस हाय.”

“माझं खवीस हाय म्हनून तर बांधल्यालं हाय. तुमचं गुनाचं हाय, तर मोकळं कामून? सांडू, ती साखळी त्याच्या गळ्यात घाल बाबा. शेला टाकल्यावानी खांद्यावर कामून मिरवतो? लगीन हाय का तुझं?”

सांडूला हसू आलं. पण मालक हसले नाहीत, म्हणून त्यानं आलेलं हसू गिळलं. तो तात्यासाहेबांचा सालगडी. चाळिशी उलटलेला, दांडगा, तोंडानं मुका नाही पण मुक्यासारखाच. रोज सकाळी तात्यासाहेब पांढऱ्या कपड्यात फिरायला निघत, पुढं टायगर मोकळा पळे, मागून सांडू रिकामी साखळी घेऊन चाले. साखळी धन्याच्या मागं आणि कुत्रं धन्याच्या पुढं, असा तो छबिना वाळूजच्या कंपन्यांच्या भिंतीकडेनं निघायचा.

आणि समोरून यायची मनकर्णाबाई. उजव्या हातात काठी, डाव्या हाताला दोरखंड दोन वेढे गुंडाळलेला, दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाला लवंग्या.

मनकर्णाबाई फुलंब्रीकडच्या खेड्यातली. नवरा ट्रकखाली गेला तेव्हा ती तिशीत होती. रडायचं तेवढं दहा दिवस रडली, अकराव्या दिवशी काठवट डोक्यावर घेऊन वाळूजला आली. इथं कंपनीतली पोरं खोल्या करून राहतात, भात उकडून खातात, आणि ज्वारीच्या भाकरीसाठी जीव टाकतात. बाईनं तात्यासाहेबांच्या चाळीतली कडेची खोली घेतली, पुढं पत्रा ओढला, चूल मांडली. शेजारची शकीला पीठ मळायला आली. दोघींनी मिळून रोजच्या दोनशे भाकरी उचलल्या. मळायचं शकीलानं, थापायचं मनकर्णानं. पंधरा वर्षं थापून तिचा उजवा तळहात पाट्यासारखा झाला होता. त्या हाताची भाकर चंद्रासारखी गोल यायची, कडेला फाटायची नाही. पोरं पाळीच्या बसमधून उतरली की आधी तिच्या पत्र्याकडं वळायची.

लवंग्या सापडला तो खाटकांच्या दुकानामागं. पिल्लू होतं. सात-आठ कुत्र्यांनी मिळून त्याचं धुडकं केलं होतं. एक कान गेला होता, पोटाची कातडी लोंबत होती. बाईनं दगडं हाणून कुत्री पांगवली, पिल्लू पदरात घेतलं, आणि घरी येऊन पोतं शिवायच्या दाभणानं त्याची कातडी शिवली. शकीलानं तोंड धरलं होतं. शिवताना पिल्लानं शकीलाचा अंगठा फोडला. “या अल्ला, मिरची है ये तो!” ती ओरडली. मिरचीची झाली लवंगी, लवंगीचा लवंग्या.

जगला. पण त्या दिवसापासून कुत्र्याची जात त्याला वैरी झाली. माणसाला काही करायचा नाही. अपवाद एकच. दारू पिऊन एक ठेकेदाराचा माणूस रात्री पत्र्याच्या आत शिरला, त्याची पोटरी लवंग्यानं अशी उतरवली की त्यानंतर बाईच्या दारात कोणी हाक दिल्याशिवाय पाय ठेवला नाही. पण कुत्रं दिसलं, की मग ते लांब असो, लहान असो, शेपूट हलवत येणारं असो, लवंग्याच्या पाठीवर केस उभे राहत आणि तो दोरखंडाला फास बसेपर्यंत झेप घेत असे. भुंकायचा नाही. भुंकणारं बरं. हा मुकाट जायचा.

असलं कुत्रं फिरवायचं म्हणजे कला आहे. बाईला ती कळली होती. वाटेनं चालताना लवंग्या भिंतीच्या अंगाला, आपण रस्त्याच्या अंगाला. समोरून मोकाट कुत्रं आलं की त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, वाट बदलायची. नाहीच बदलता आली, तर वाकायचं. हातात दगड नसला तरी चालतो. आपल्याकडच्या कुत्र्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं, माणूस वाकला की दगड येतो. बाई वाकली की वाळूजची सगळी मोकाट कुत्री शेपूट घालून पळत.

टायगर पळत नसे. कसल्याशा विलायती जातीचं, वासराएवढं कुत्रं. त्याला जन्मात कुणी दगड मारला नव्हता. वाकणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. बाई वाकली की ते अजून जोरात येई.

दोन महिन्यांमागं ते असंच आलं आणि लवंग्यानं त्याचा कान चिरला. त्या दिवशी तात्यासाहेब पत्र्यापुढं येऊन उभे राहिले.

“पुन्हा माझ्या कुत्र्याला दात लागला, तर तुझ्या कुत्र्याला मी गोळी घालीन. आन् खोलीला कुलूप. आयकलं का?”

“तुमचं अंगावर आलं होतं.”

“मी गोळी कुनाला घालीन ते सांगितलं. कोन कुनाच्या अंगावर आलं ते नाय इचारलं.”

चाळ त्यांची, बंदूक त्यांची. त्या संध्याकाळपासून बाईनं लवंग्याला शिकवायला घेतलं. तरटाचा तुकडा त्याच्या तोंडात द्यायचा. त्यानं धरला की जरा ओढायचा, आणि म्हणायचं, “सोड.” सोडला तर हाडाच्या रश्श्यात बुडवलेला भाकरीचा घास. नाही सोडला तर काही नाही. मारणं नाही, शिव्या नाहीत. आठ दिवस त्यानं ऐकलं नाही. मग ऐकायला लागला. दोन महिन्यांत असं झालं की तोंडात हाड असलं तरी “सोड” म्हटल्याबरोबर जबडा उघडायचा. शकीला म्हणायची, “बाई, माझा मर्द बी इतका ऐकत नाय.”

“त्याला रस्सा दे.”

तर त्या सकाळी, शेंगांचं बोलणं झालं, तात्यासाहेब “बरं बरं” म्हणत पुढं गेले, आणि बाईला वाटलं, गेलं आजचं. ती नाल्याच्या वळणापर्यंत जाऊन परत फिरली. चूल पेटवायची वेळ झाली होती. पहिल्या पाळीची बस कोपऱ्यावर उभी होती, पोरं चढत होती. तेवढ्यात मागून नखांचा आवाज आला.

टायगर फिरून आला होता. कान मागं, मान खाली. खेळायला येणारं कुत्रं असं येत नाही. बाईनं लवंग्याला भिंतीकडं दाबलं, काठी पुढं केली, वाकली. व्हायचं तेच झालं. टायगर थेट आला, काठीवरून गेला, छातीनं बाईला धडकला. ती भिंतीवर आपटली आणि दोरखंड हातातून सैल पडला.

मग आवाज नुसते. गुरगुर नाही, भुंकणं नाही, कातडी फाटल्याचा आवाज. टायगरनं लवंग्याची पाठ धरून त्याला चिंध्यागत झटकलं, भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा लवंग्या हवेतच वळला आणि त्यानं टायगरचा खालचा ओठ जबड्याच्या हाडासकट धरला. धरला तो धरला. आता टायगर किंचाळायला लागला. मागं सरकला, डोकं हलवलं, लवंग्या लोंबकळत त्याच्याबरोबर गेला, पण दात निघाले नाहीत. रक्ताचे शिंतोडे भिंतीवर, बाईच्या लुगड्यावर.

सांडू धावत आला. साखळी खाली टाकून त्यानं दोन्ही हातांनी टायगरचा पट्टा धरला, टाचा मातीत रोवल्या आणि मागं ओढला. त्याच्या पन्नास पावलं मागं तात्यासाहेब पोट सावरत पळत येत होते.

बाईनं ते पांढरे कपडे बघितले. तिला बंदूक दिसली. कुलूप दिसलं. मालकाच्या डोळ्यादेखत लवंग्याचे दात टायगरच्या जबड्यात होते. ती जीव खाऊन ओरडली,

“सोड! सोड! सोड म्हनते ना!”

लवंग्यानं ऐकलं. जबडा उघडला.

सांडूनंही ऐकलं. पट्टा सोडला.

बाईच्या गावचाच तो. लहानपणापासून ती त्याला अरेतुरे करी. जन्मभर कुणी ना कुणी ओरडून सांगायचं आणि त्यानं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. कुणाला म्हटलं हे विचारायची त्याला सवयच नव्हती.

सुटलेला टायगर पुढं गेला. लवंग्या बाईकडं बघत होता. तोंड उघडं, जीभ बाहेर, घासाची वाट बघत होता मेला. टायगरनं त्याचा गळा धरला.

बाईनं काठी घातली, टायगरच्या डोक्यावर, पाठीवर. तिसऱ्या दणक्याला काठी मोडली. मग तिनं उजवा हात त्या तोंडात घातला. दात मनगटात शिरले तेव्हा तिनं हात मागं ओढला नाही. मागं ओढला की मांस जातं. तिनं मूठ आत दाबली, घशात, कोपराचा जोर लावून, भाकरीच्या पिठाच्या गोळ्यात दाबावी तशी. टायगर ओकाऱ्या द्यायला लागला. जबडा सुटला. सांडूनं आता मागून येऊन साखळी त्याच्या गळ्यात अडकवली. त्या वाटेवर ती साखळी त्या गळ्यात पहिल्यांदा पडली.

लवंग्याचे पाय दोनदा हलले. मग नाही हलले.

बाई उठली. सांडूसमोर जाऊन तिनं डाव्या हातानं त्याच्या मुस्काटात अशी दिली की त्याची टोपी नाल्यात गेली.

“आक्का, तूच म्हनली सोड.”

“त्याला म्हनलं व्हतं, मुडद्या!”

“मला वाटलं, मला.”

बाईनं पुन्हा हात उगारला, आणि तसाच खाली घेतला. त्याला काय मारायचं. दोघांनी हुकूम ऐकला, एक मेला एवढंच.

तात्यासाहेब पोचले. धापा टाकत पहिलं काय विचारलं, तर, “टायगरला लागलं का रं?”

बसमधली पोरं उतरून उभी राहिली होती. चांदपाशा नावाचा बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करून आला. तात्यासाहेबांनी तोंडं बघितली आणि आवाज उतरवला.

“बाई, कुत्रंच व्हतं. जातीचं आनून देतो तुमाला. चांगलं.”

बाईनं भिंतीकडचा दगड उचलला. चांगला नारळाएवढा, डाव्या हातात. उजव्या हातातून रक्त बोटांवरून गळत होतं. ती टायगरवर आली, दगड डोक्यावर धरून. सांडूनं डोळे मिटले पण साखळी सोडली नाही.

“बाई! मुका जीव हाय वो!” तात्यासाहेब ओरडले.

“आत्ता मुका झाला व्हय?”

दगड वरच राहिला. मग ती वळली. बांधलेल्याला मारायचं नसतं, ही तिच्या गावची रीत. दगड तिनं तात्यासाहेबांच्या पायाशी टाकला. तो त्यांच्या बुटावर पडला, ते कळवळले.

“खड्डा खांदा.”

“आं?”

“माझ्या कुत्र्याला खड्डा. हितं, भिंतीला.”

“सांडू खांदल.”

“सांडू नाय. तुमी.” तिनं उजवा हात त्यांच्या नाकापुढं धरला. मनगटावर चार भोकं होती, आतलं पांढरं दिसत होतं. “हे आता घाटीच्या दवाखान्यात दाखवीन. डाक्टर इचारल, कुनाचं कुत्रं. लिहून घेईल. पोलीस येईल. मी नाव सांगायचं का मोकाट व्हतं म्हनायचं, ते खड्डा बघून ठरवते.”

तात्यासाहेबांनी चांदपाशाकडं बघितलं. चांदपाशा म्हणाला, “खोदो साब. हमारी बस को देर हो रही.”

कुणीतरी पत्र्यामागून खुरपं आणलं. मुरमाड जमीन, खुरपं ठणठण उडायचं. तात्यासाहेब उकिडवे बसून उकरत राहिले, पांढऱ्या विजारीचे गुडघे लाल झाले, हाताला फोड आले. मध्ये दोनदा थांबले. दोनदा बाई म्हणाली, “अजून.” मोकाट कुत्र्यांनी उकरू नये एवढा खोल झाला तेव्हा तिनं लवंग्याला स्वतः आत ठेवलं. दोरखंड काढून घेतला. दोरखंड चांगला होता, मातीत घालायचं कारण नव्हतं.

“खोली?” तात्यासाहेबांनी उठता उठता विचारलं, खोली आपलीच आहे हे विसरल्यासारखं.

“ऱ्हाते मी,” बाई म्हणाली. “आन् त्याला बांधून फिरवा. पुढल्या टायमाला मोकळा दिसला, तर आज काय झालं ते बसमधली चाळीस मानसं घाटीत येऊन सांगतील.”

बस गेली. बाईनं नळाखाली हात धरला, साबण लावून धुतला, पुन्हा धुतला, पाणी तांबडं वाहायचं थांबेपर्यंत. शकीलानं ओढणी फाडून बांधली आणि रडत रडत शिव्या दिल्या. कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

“चलो ना बाई, आधी सुई घेऊ.”

“अकराला पोरं जेवायला येतील. त्यांना काय सुई वाढू? भाकरी उरकू, मंग घाटीत जाऊ.”

“थापणार कोण? या हाताने?”

बाईनं हाताकडं बघितलं. बोटं वळत होती, अंगठा नव्हता वळत. तिनं काठवट पायानं शकीलाकडं सरकवली आणि आपण चुलीच्या तोंडाशी बसून डाव्या हातात उलथणं घेतलं.

शकीलाची पहिली भाकर थापताना कडेला फाटली. दुसरी लांबोडी झाली. तिनं ती मोडायला घेतली.

“मोडू नको. खातेत लोकं,” मनकर्णाबाई म्हणाली. “तवा तापलाय. टाक.”