नायकाला ताप येत नाही

"अहो ताई, जरा येता का धायरीला?" दादाच्या शेजारच्या काकूंचा सकाळी फोन आला आणि त्या 'जरा'वरूनच मला कळलं. साधं काही असतं तर त्यांनी आधी दादाची तक्रार केली असती, मग बोलावलं असतं. बिबवेवाडीहून निघाले ती रिक्षात बसून त्याला शिव्या घालतच गेले. हट्टी, एककल्ली, कुणाचं म्हणून ऐकायचं नाही... दादा खुर्चीत होता, चष्मा डोळ्यांवर तसाच. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. किडनीच्या आजारात असं होतं म्हणे. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी माझ्या शिव्या काही थांबलेल्या नाहीत.

दादा म्हणजे वसंत, माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या वस्तीतून इंजिनीअरिंगला पुण्यात आलेला तो पहिलाच, त्यामुळे सुट्टीत घरी आला की त्याला श्वास घ्यायची सोय नसायची. जो तो येऊन पाठीवर हात ठेवणार आणि म्हणणार, पोरा, आमची सगळी आशा तुझ्यावर. अशाच एका उन्हाळ्यात त्याच्या पिशवीतून ती जाडजूड इंग्रजी कादंबरी निघाली. नाव लिहीत नाही, तिची जाहिरात करायची मला हौस नाही. गोष्ट एवढीच, की एक माणूस सगळ्या गावाशी भांडतो आणि डोंगरावर एकट्याने वेधशाळा उभारतो. मधेमधे लांबलचक भाषणं ठोकतो, की माणसाने स्वतःसाठी जगावं, कुणावर उपकार करू नयेत आणि कुणाचे घेऊ नयेत. दादाने ती अंगणातल्या खाटेवर पडून संपवली आणि एका संध्याकाळी जाहीर केलं, "आजपासून मी कुणाच्या उपकारात नाही." आई चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "मंग जेवाले नको बसू बाप्पा." दादा बसला, आणि रोजच्यापेक्षा जास्तच भात खाल्ला.

पण ते खूळ गेलं नाही. लग्न केलं नाही, नोकरी टिकवली नाही, मशीनची डिझाइनं करून देत धायरीत एकटा राहिला. त्याच्या हातातली पिशवी घ्यायला गेलं तर तो ती दुसऱ्या हातात घ्यायचा. माझ्या बी.एड.चा खर्च मात्र त्यानेच केला. आभार मानायला गेले तर म्हणाला, "तुझ्यासाठी नाही, मला बरं वाटतं म्हणून केलं." हे वाक्यसुद्धा त्या पुस्तकातलंच! इतकी प्रेमळ गोष्ट इतक्या तुसडेपणाने बोलणारा माणूस मी पुण्यातही दुसरा पाहिला नाही.

मग त्याला तो आजार निघाला. बाबांना होता तोच, किडनीत गाठी होण्याचा, घराण्यात उतरणारा. बाबा त्यातच गेले होते. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मी बरोबर जायचे. त्याने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. तासन्‌तास तो पलंगावर आणि मी स्टुलावर. वाचायला गेलं की त्याचे डोळे दुखायचे, म्हणून एकदा तीच कादंबरी माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाच, बेबी. बघू तरी, चाळीस वर्षं काय डोक्यावर घेऊन फिरलो."

ते वाचन म्हणजे खरं तर उलटतपासणी होती. मी एक पान वाचायचे आणि तो दोन पानं बोलायचा. "थांब. हे दगड डोंगरावर कुणी नेले?" मी मागे जाऊन शोधलं. एक ओळ होती, मजुरांनी दगड वर आणले. "झालं? मजुरांना नावं नाहीत?" नव्हती. "याला आई आहे का गं? एवढी पानं झाली, कुणी याला जेवलास का विचारलं नाही." पुढे एकदा म्हणाला, "तुझ्या लक्षात आलं का, या माणसाला ताप येत नाही. दात दुखत नाही. आजारी न पडणाऱ्या माणसाचं तत्त्वज्ञान आहे हे." हाताला नळ्या लावलेल्या, आणि तो खो खो हसत होता.

मी म्हटलं, "मग दे फेकून." तर एकदम गंभीर झाला. "नाही. वीस वर्षांच्या पोराला कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा, तुझं आयुष्य तुझं आहे. आपल्या घरी कुणी सांगितलं नाही, याने सांगितलं. मी जगलो त्यावर. पण तिथेच मुक्काम ठोकायचा नव्हता."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कारण मी माझ्या सगळ्या तपासण्या करून ठेवल्या होत्या. मला तो आजार नव्हता, माझी किडनी त्याला जुळत होती, डॉक्टर तयार होते. फक्त दादा हो म्हणत नव्हता. मी तिथेच पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मग घेशील ना माझी?"

"नाही."

"अरे, आत्ता तर म्हणालास..."

"ते पुस्तकाबद्दल." मग हळूच म्हणाला, "तुला एकच मुलगी आहे, बेबी. माझ्या पाठोपाठ तिला निघालं तर तिला काय देशील?"

मला निघालं नाही म्हणजे तिला निघणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. ते मी त्याला परत सांगितलं. म्हणाला, "डॉक्टर काय, सगळंच सांगतात. बाबांना सांगितलं होतं, बरे व्हाल." मग मी म्हटलं, तिचीच सोनोग्राफी करून घेऊ, तुझी खात्री होईल. तर तो उठून बसायला लागला. "खबरदार. तिचं लग्न ठरतंय. तिला जाणून घ्यायचं असेल तेव्हा ती घेईल. माझ्यासाठी तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. तिचं शरीर आहे." मी वॉर्डात ओरडले, "हे तू नाही, तुझा तो डोंगरावरचा नायक बोलतोय!" नर्स आली, "अहो मॅडम, हळू." दादा डोळे मिटून म्हणाला, "पुढचं वाच."

कादंबरी पुरी झालीच नाही. त्याच्यामागे मी ती एकटीने वाचायला घेतली, कारण मला एकच गोष्ट शोधायची होती. नाही कोण म्हणालं? माझा भाऊ, की ते पुस्तक? दिवसाढवळ्या, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना वाचते, तरी भाषण आलं की कानाशी स्पष्ट ऐकू येतं... "थांब." मी थांबते. बोलत मात्र कुणी नाही. कधी वाटतं, भाचीसाठी जीव टाकणारा मामाच बोलला. कधी वाटतं, लबाडाने बरोबर असं कारण काढलं, ज्यापुढे कुठल्याही आईची बोलती बंद व्हावी.

आणि परवा मुलीचा हिंजवडीहून फोन आला. आम्हाला न सांगता, मामा गेल्यावर तिचं तिने ठरवून तपासणी करून घेतली होती. "आई, रिपोर्ट एकदम क्लिअर. काही नाहीये मला. आणि एक सांगू? मामासाठी मी तेव्हाच केली असती गं. मला कुणी विचारलंच नाही."

बरं झालं गं बाई, म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून रडले. लेक सुखरूप आहे म्हणून रडले, आणि त्याच रडण्यात दादाला विचारत होते, आता कुणासाठी राखून ठेवू रे ही? डॉक्टर डावी किडनी काढणार होते. दुपारी आडवी झाले की हात आपोआप तिथे जातो. तिच्यावर भार पडेल म्हणून मी अलीकडे त्या कुशीवर झोपत नाही.