एकशे तीन कड्यांची साखळी

नामदेवराव भोयर गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात हिवाळी स्पर्धांची नोटीस लिहीत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाबूजी, भोयर सर गेले जी. दवाखान्यातून सांगावा आला." मी 'बरं' म्हटले आणि नोटीस पुरी केली. मैल, अर्धा मैल, लांब उडी, गोळाफेक... सगळे क्रमाने लिहिले आणि खाली, गेली सहा वर्षे घालत आलो तसे, 'ना. गो. भोयर, फिजिकल डायरेक्टर' हे नावही घातले. मग ते खोडले, नवा कागद घेतला आणि नोटीस पहिल्यापासून लिहिली. अक्षर नेहमीसारखेच आले. या गोष्टीला आज पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, तुमचा एवढा घरोबा होता, फार वाईट वाटले असेल. वाटले असेल खरे, पण कुठे ते मला अजून सापडत नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसे काहीसे झाले आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर चार शब्द लिहा असा निरोप आला तेव्हा मी नाही म्हणणार होतो. हो म्हटले ते एवढ्यासाठी की, नामदेवरावांचे माझ्या हातून एक नुकसान झाले आणि ते मी चार वर्षे त्यांच्यापासून लपवले. ते सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी बाकीचे चांगले लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या कॉलेजला तेव्हा नुकतेच पिपरीच्या बाजूला मैदान मिळाले होते. मैदान कसले, उंचसखल पडीत जमीन. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला कोणाच्या तरी कपाशीची पऱ्हाटी. पण मैदान आले म्हणजे जिमखाना आला आणि जिमखान्याला प्रमुख हवा. अर्ज मागवले. त्यात एक डिप्लोमा घेतलेले गृहस्थ होते, प्रशस्तिपत्रांची जाड फाईल बांधून पाठवलेले. आणि एक अर्ज एकाच पानाचा, पेन्सिलीने रेघा आखून वर शाईने लिहिलेला, पुलगावच्या डेपोतल्या एका स्टोअरकीपरचा. खालची सही वाचून प्राचार्यांनी चष्मा काढून ठेवला. युद्धाच्या अलीकडे-पलीकडे या प्रांतात ज्याने म्हणून वर्तमानपत्र उघडले असेल त्याला ते नाव ठाऊक होते. श्यामजी पंतांच्या तळेगावचा, वांगी-मिरच्यांची बाग करणाऱ्या घरचा हा मुलगा, मैलाच्या शर्यतीत वर्षानुवर्षे कोणाला पुढे जाऊ देत नव्हता. शाळेत असताना मी त्याचा फोटो कापून भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घातले होते. त्या फोटोतला माणूस आता छत्तीस वर्षांचा होता आणि डेपोत पेट्या मोजत होता.

मुलाखतीला ते पॅसेंजरने आले. अंगातला कोट दुसऱ्याचा असावा, बाह्या आखूड होत्या. कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब, कोणालाही साक्षीदारासारखे विचारायचे. "शिक्षण?"

"मॅट्रिक, जी. दुसऱ्या खेपेले."

"मग मुलांना शिकवणार कसे?"

"शिकवाले मले येत नाई साहेब. मी पोराइच्या संगं पयतो. माह्या मांगं पयलं का पोरगं आपोआप शिकते."

वकीलसाहेब खो खो हसले. उमेदवार बाहेर गेल्यावर म्हणाले, "यांनाच घ्या. नावाला वजन आहे, माहितीपुस्तकात छापता येईल." प्राचार्य जरा कचरत होते. शेवटी एक वर्ष परीक्षेवर घ्यायचे, मुलांनी विद्यापीठाच्या स्पर्धांत काही करून दाखवले तर कायम करायचे, असे ठरले. ठराव मीच लिहिला.

आणि खरेच, माणूस बोलल्याप्रमाणे वागला. सकाळी गावातले सायकलवाले दूधवाले मैदानाजवळ थांबून पाहत. पुढे हे आणि मागे पंधरा-वीस पोरांची रांग. न ओरडणे, न शिट्टी. कोणी मागे पडला की हेच मागे येत, त्याच्या बरोबरीने चार पावले टाकत आणि त्याला घेऊन पुन्हा पुढे जात. मैदानावरून ते थेट आमच्याकडे चहाला येत. तळेगावहून कोणी आले की वांग्यांची पिशवी घेऊन येत. माझी बायको म्हणे, "नामदेवरावांची वांगीसुद्धा पळत आल्यासारखी ताजी असतात." ते लाजत. एवढा नावाजलेला माणूस, पण स्तुती झाली की कपबशीतच पाहत बसे.

धावण्याचा ट्रॅक आखायचा होता. त्यासाठी नीट फीत मागवावी असे प्राचार्य म्हणाले होते. पण मी हेडक्लार्क, आणि प्रत्येक अडचणीवर माझ्याकडे घरचा तोडगा असतो हा माझा अभिमान. मी म्हटले, फीत कशाला, माझा मेव्हणा पटवारी आहे, त्याची शेतमोजणीची साखळी आणतो. शंभर कड्यांची, सहासष्ट फुटी साखळी. तशा वीस साखळ्या म्हणजे बरोबर पाव मैल, चार फेऱ्यांत मैल पुरा. मेव्हण्याने साखळी दिली, मी ती सायकलला बांधून आणली, नामदेवरावांनी एक टोक धरले, मी दुसरे धरले आणि दिवसभर उन्हात आम्ही मैदान मोजले. मग त्यांनी स्वतः चुन्याची फक्की मारली. ती रेघ त्यांना इतकी आवडली की संध्याकाळी घरी जाववेना. काम झाल्यावर साखळी मी कॉलेजच्या स्टोअरमध्ये टाकली. मेव्हण्याने परत मागितली नाही, आणि त्याचेही मला काही वाटले नाही.

त्या हिवाळ्यात कुरबुर सुरू झाली. मुलांच्या वेळा काही केल्या सुधारत नव्हत्या. स्टाफरूममध्ये कोणीतरी 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणाले आणि ते नामदेवरावांच्या कानावर गेले. दोन दिवसांनी ऑफिसात येऊन म्हणाले, "बाबूजी, प्रांताच्या स्पर्धेत मैलाची खुली शर्यत हाय. एक डाव उतरून पाहू म्हनतो. शेवटचा." मला इतका आनंद झाला की फॉर्म मी तिथेच भरला. पण पाठवू देईनात. "आधी मले पाहू द्या. चार मिनिटं पस्तीसच्या आत आलो त पाठवा." फॉर्म मी ड्रॉवरमध्ये ठेवला. महिनाभर ते एकटे कसून तयारी करत होते. त्यांची बायको, आमच्या वहिनी, सांगत, जेवताना पायाच्या बोटांनी ताल धरतात.

ठरल्या सकाळी मैदानावर आम्ही दोघेच. त्यांना पूर्वी बक्षीस मिळालेले एक विलायती स्टॉपवॉच होते, ते त्यांनी माझ्या हातात दिले. "तुमी धरा. पोराइचा आंगठा घाई करते." त्यांनी खिळ्यांचे बूट बांधले आणि धावले. मला पळण्यातले कळत नाही, पण त्या दिवशी जे पाहिले तसे पुन्हा पाहिले नाही. शेवटच्या फेरीत तर पाय जमिनीला लागत होते की नाही, शंका यावी. रेघ ओलांडून ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

"किती?"

"चार मिनिटं एक्केचाळीस."

"पुन्हा पाहा जी."

मी पुन्हा पाहिले. त्यांनी घड्याळ हातात घेऊन स्वतः पाहिले. मी म्हटले, मैदान जड आहे, वारा होता... ते म्हणाले, "नाई बाबूजी. साखळी सरकारची, घड्याळ विलायती. खोटे असन त पायच." रेघेजवळच बसून त्यांनी बूट सोडले. जाताना म्हणाले, "थो फॉर्म फाडून टाकजा." ऑफिसात जाऊन मी तो फाडला.

त्यानंतर ते मुलांबरोबर कधी धावले नाहीत. हातात घड्याळ घेऊन रेघेवर उभे राहत, वेळ सांगत. छत्तिसाव्या वर्षी माणूस एका सकाळीत म्हातारा झाला. गंमत अशी की विद्यापीठाच्या स्पर्धांत आमची दोन पोरे पहिली आली आणि सगळ्यांनी तोंडात बोट घातले. नामदेवरावही चकित. "परक्या मैदानावर पोरं मन लावून पयतेत," एवढेच म्हणाले. ठरावाप्रमाणे त्यांना कायम केले. वकीलसाहेबांनी हार घातला आणि पुन्हा धावणार का म्हणून विचारले. त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या वर्षी एका लग्नात मेव्हणा भेटला. पंगतीत सहज विषय निघाला. तो बुंदीचा लाडू फोडत म्हणाला, "थे साखळी? भाऊजी, थे त मी बाद केलती. मधात तुटलती, गावच्या लोहारानं जोडून देताना तीन कड्या जास्तीच घातल्या. चांगली साखळी कशी देऊ, सरकारी माल. म्हटलं, पोराइच्या खेळाले काय, चालते." मी पुढे जेवलो. काय वाढले होते, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरचे दार आतून लावून मी कड्या मोजल्या. एकशे तीन भरल्या. फेरीमागे चाळीस फूट, मैलाला एकशे साठ फूट जास्त. त्या सकाळी नामदेवराव मैल नव्हे, मैलाहून पुष्कळ अधिक धावले होते.

उठून सांगायचे, की नाही? मैदान दहा मिनिटांवर होते. पण मी साखळी पुन्हा कोपऱ्यात टाकली आणि ऑफिसात येऊन बसलो. मनाला सांगितले की पोरे जिंकताहेत, नोकरी कायम झाली आहे, आता कशाला. खरे कारण लाजेचे होते. फीत मागवा म्हटले असताना शहाणपणा मी केला होता आणि फॉर्मही मीच फाडला होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता राज्यांच्या फेररचनेत प्रांत बदलला, पाट्या बदलल्या, चार वर्षे गेली. ते रोज चहाला येत होते. मी रोज त्यांच्यापुढे कप ठेवत होतो.

यंदा पावसाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. दिवाळीनंतर दवाखान्यातून घरी आणण्याची भाषा कोणी करेना. एका दुपारी मी जाऊन बसलो. चादरीखाली पाय आहेत की नाहीत, इतके बारीक झाले होते. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. आणि मी सांगून टाकले. लोहार, तीन कड्या, लग्नातली पंगत, सगळे. ते छताकडे पाहत ऐकत होते. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. बराच वेळ फिरला.

"म्हंजे त्या दिवशी मी बराबर पयलोच होतो," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"थो फॉर्म फाडला काय तुमी?"

"हो."

मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारले, "मंग आता काऊन सांगता जी?"

त्यांना बरे वाटावे म्हणून सांगितले असे मला लिहिता येईल, पण ते खोटे होईल. माझे मला हलके व्हायचे होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केले. "जा तुमी. ऑफिसचा टाइम झाला असन." आमचे शेवटचे बोलणे ते एवढेच. तिसऱ्या दिवशी शिपाई दारात आला.

तेराव्यानंतर वहिनी घरी आल्या. पदरात बांधून आणलेले स्टॉपवॉच त्यांनी माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "तुमी गेले अन् त्यायनं हे घरून मांगवलं. दोन दिवस तेच करून राह्यले. चालू करे, बंद करे, डोयाजवळ धरून पाहे, मान हालवे, पुन्हा पयल्यापासून. आंगठा थरथरे ना, नेमका चुके. मी म्हटलं, काऊन जिवाले तरास देता? त म्हने, गप ऱ्हाय, मैल चालू हाय. शेवटच्या सांजेले जमलं वाटते. हासले. म्हने, हे बाबूजीले देजो, अन् त्यायले सांगजो, बटन दाबू नोका."

त्या गेल्यावर मी घड्याळ उजेडात धरले. काटे चार मिनिटे तेहतीसवर उभे होते. मी कागद घेतला आणि एकशे साठ फूट वजा करून त्या सकाळचा हिशेब मांडला. तीन वेळा मांडला. तिन्ही वेळा चार मिनिटे तेहतीसच आले. फॉर्म पाठवायला दोन सेकंद शिल्लक होते.

गेल्या आठवड्यात नवे डायरेक्टर आले, हेही डिप्लोमावाले. चांगले गृहस्थ आहेत. लांब फीत आणून त्यांनी ट्रॅक नव्याने आखला, आणि जुनी रेघ अशी बाहेर बाहेर का गेली आहे म्हणून विचारले. मी आखली, असे मी सांगितले. काल ते ऑफिसात येऊन म्हणाले, जिमखान्याला एकच स्टॉपवॉच दिसते, आणखी एखादे कुठे आहे का? तो फॉर्म ज्या ड्रॉवरमध्ये होता त्यातच ते आहे, रुमालात गुंडाळलेले. बटण दाबले की काटे शून्यावर जातील. मी ड्रॉवरला कुलूप आहे ना ते गुडघ्याने चाचपले आणि म्हटले, नाही, दुसरे नाही.