आईला विचारून सांगतो

कार्यक्रमाची सुपारी घेऊन कुणी आलं की आमचे बुवा एकच उत्तर देत, "आईला विचारून सांगतो." समोरच्याला वाटे, गडी आढेवेढे घेतोय. पन्नाशी ओलांडलेला, ज्याच्या नावावर जत्रा भरतात असा गायक आईला काय विचारणार? पण बुवा खरंच उठून पडवीत जात. त्यांची आई, म्हणजे आमच्या काकू, कांदे निवडता निवडता, मान वर न करता म्हणत, "परवा घसा बसला हुता न्हवं? मंग कशाला?" झालं, सुपारी परत! मी बुवांचा पेटीवाला. त्या माउलीला मनातल्या मनात मी किती बोल लावलेत, ते माझं मलाच ठाऊक.

नाव झालं तरी बुवांनी पुणतांब्याजवळची वस्ती सोडली नाही. रोज पहाटे त्यांचे वडील, दादा, गोठ्यात धार काढत आणि बुवा शेजारी उभे राहून गळा तापवत. सूर हलला की दादांचा हात थांबे. बुवा निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून धरत. "माझं बेसूर आमच्या म्हशीनं जेवढं ऐकलंय, तेवढं कुनीच न्हाई," असं ते हसत सांगायचे.

राजूरच्या कार्यक्रमाच्या वेळी काकू तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. बुवांचा पाय निघेना. तेव्हा काकूच म्हणाल्या, "शब्द दिलाय न्हवं? जा. मला काय हुतंय?"

मध्यंतरात बुवांचा मोबाईल माझ्या खिशात वाजला. पलीकडे दादा होते. "तुजी काकू गेली. त्याला आत्ता सांगू नगं. गानं पुरं हुं दे. तिचंच सांगनं हुतं."

मी परत येऊन पेटीवर बसलो. पुढचा तासभर बोटं कुठं पडत होती, देव जाणे. दोनदा चुकलो तेव्हा बुवा माईकवरच म्हणाले, "आमच्या पेटीवाल्याचं ध्यान घरी लागलंय वाटतं!" सगळा मांडव हसला. मीही हसलो.

गाडीत बसल्यावर सांगितलं. बुवा रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हंजी मी तुजी चेष्टा केली, तवा तुला ठावं हुतं."

दादांचा शब्द पाळला, असं मी अजूनही स्वतःला समजावतो. पण खरं सांगायचं तर एवढी माणसं समोर बसलेली, कार्यक्रम मोडायची मला भीती वाटली. बुवांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते कुठं गायलेच नाहीत. कुणी आलंच तर "आता विचारू कुनाला?" म्हणून चहा पाजून वाटेला लावत. दादाही खचले, मग खाटेवरून उठेनात. त्यांची अंघोळ, औषधं, घास भरवणं, सगळं बुवा करत. बायकोलाही हात लावू देत नसत. दादा कुरकुरायचे, "माज्यापायी गळा गंजवू नगं. जा कुठंतरी."

"एकदा गेल्तो, दादा," बुवा म्हणायचे.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी दादांनी मला पेटी घेऊन बोलावलं. "एक अभंग म्हन की रं," ते बुवांना म्हणाले. मी सूर दिला. बुवांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पंच्यानं डोळे पुसून पुन्हा धरलं, पुन्हा तेच. ज्या गळ्यासाठी माणसं गाड्या करून यायची, तो गळा बापासमोर बसला होता. मी नुसता सूर देत राहिलो.

मग डोळे मिटून दादांनीच सुरुवात केली. दात नाहीत, श्वास पुरत नाही, निम्मे शब्द ओठांतच. बुवा उशाशी ओणवे झाले आणि दादांमागे एकेक शब्द पुटपुटू लागले. मी पेटी बंद केली. दुसऱ्या कडव्यात, ओळीच्या मध्येच, दादा थांबले. आम्ही वाट पाहिली. पुढचे शब्द आम्हा दोघांनाही पाठ होते, पण आमच्यापैकी कुणीच ते म्हणालं नाही.