आईची गाठ आणि बाबांचा जळफळाट

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. मोटरचा नुसता आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचे. पण स्वतःच्या बायकोला छातीत गाठ लागलीय हे त्यांना कळलं आईच्या पर्समध्ये कपाटाची किल्ली शोधताना. किल्ली मिळाली नाही, डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. तिच्यावर दोन तपासण्या लिहिल्या होत्या, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी.

"हे काय आहे?"

"डाव्या बाजूला गाठ लागली हाताला. मंगळवारी दाखवून आले," आई भांडी घासताघासता म्हणाली.

"एकटी गेलीस?"

"नाही. मावशी होती बरोबर."

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. छापखान्याच्या बांधणी विभागात दोघी बारा वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसून पुस्तकं शिवत होत्या. मी तिला मावशी म्हणायचे. बाबा चष्मेवाली म्हणायचे, अर्थात ती नसताना.

"म्हणजे चष्मेवालीला मंगळवारपासून माहीत आहे," बाबा म्हणाले, "आणि आज शनिवार."

गाठीची भीती त्यांना वाटली नाही असं नाही. तोंडाचा रंगच उडाला होता. पण भीती त्यांनी कशीबशी गिळली. हे दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरेना. दोन दिवस ते आईशी मोजकंच बोलले. तिचा फोन वाजला की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि ती फोन ठेवून आली की म्हणायचे, "बावीस मिनिटं!"

मग त्यांनी ठरवलं की आता सूत्रं आपल्या हातात घ्यायची.

"फोटोबिटो कशाला? थेट तुकडा काढायचा आणि तपासायचा. बायोप्सी केल्याशिवाय नक्की कळत नाही म्हणतात, मग मधे वेळ का घालवायचा? मी बोलतो डॉक्टरांशी."

"तुम्ही लिफ्ट उघडण्याआधी कान लावून ऐकता ना?" आई म्हणाली.

"लिफ्ट वेगळी, माणूस वेगळं."

"तेच म्हणतेय मी."

बाबा सोमवारी आईबरोबर दवाखान्यात गेले. मीही गेले. बाहेरच्या बाकावर मावशी आधीच येऊन बसली होती. तिने आईसाठी शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. एकच जागा. बाबा उभे राहिले.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या, आवाज शांत. बाबांनी आपला मुद्दा जोरात मांडला. डॉक्टरबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "सुई कुठे घालू मी?"

"गाठ आहे तिथे."

"ती पाण्याची गाठ असली तर? साधी पाण्याची असेल तर सुईची गरजही नसते बहुतेक वेळा. ते सोनोग्राफीत दिसतं. आणि हाताला एक लागली म्हणून आत एकच आहे असं नाही. दुसऱ्या स्तनात काही आहे का, काखेत काही आहे का, हेही बघायला हवं."

"मग सगळं नंतर बघता येईल की."

डॉक्टरबाई बोलणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "नंतर नाही येत नीट. सुई घातली की आत रक्त साकळतं, सूज येते. मग फोटोत खरं काय आणि सुईमुळे झालेलं काय ते कळायला अवघड जातं. म्हणून फोटो आधी."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही मागच्या वेळी नीट ऐकलंत."

बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या वेळी! ते असते तर त्यांनीही नीट ऐकलं असतं.

तपासणीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मावशीही आली होतीच. आईला आत बोलावलं, तेव्हा पर्स धरायला बाबांनी हात पुढे केला होता. आईने बघितलंच नाही. बारा वर्षांच्या सवयीने तिने पर्स मावशीकडे दिली आणि आत गेली. बाबांनी हात हळूच खिशात घातला. तासभर त्यांनी त्या पर्सकडे पाहिलं.

आई बाहेर आली आणि म्हणाली, "दोन फळ्यांमध्ये दाबतात चांगलंच. पण लवकर उरकतं." हे ती मावशीकडे बघत बोलली. बाबा पलीकडे होते.

रिपोर्ट आला. हाताला लागणारी गाठ साधी पाण्याची निघाली. तिला काही करायचं नव्हतं. पण तिच्यापासून चार बोटं दूर, खोलवर, हाताला कधीच लागली नसती अशी एक बारीक घट्ट जागा दिसत होती. बायोप्सी तिची करायची होती, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे थेट सुई घातली असती, तर भलत्याच ठिकाणी गेली असती.

सुईच्या दिवशी नर्स म्हणाली, "एकालाच आत थांबता येईल."

"ती येऊ दे," आई मावशीकडे बोट करून म्हणाली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं. रागावून नव्हे, अगदी हळू. "मी का नको?"

आई म्हणाली, "तुम्ही समोर असलात की मला खंबीर राहावं लागतं. तुम्हाला सांभाळावं लागतं. तिच्यासमोर रडता येतं मला."



आठ दिवसांनी रिपोर्ट मिळणार होता. बाबा कुणालाही न सांगता सकाळीच जाऊन घेऊन आले. यावेळी तरी आपल्याला आधी कळू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. रस्त्यातच त्यांनी पाकीट फोडलं. सगळं इंग्रजीत. एक शब्द जाड अक्षरांत होता, बिनाइन. चांगला की वाईट, कळेना. मला फोन लावला, माझी परीक्षा चालू होती, फोन बंद. दवाखान्याचा फोन कुणी उचलेना. शेवटी त्यांनी चष्मेवालीला फोन केला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"अहो, कर्करोग नाही!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. मग नाक ओढत म्हणाली, "घरी जा पटकन. तुम्ही सांगा तिला. मला काही माहीत नाही, समजलं?"

बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं. आई त्यांचा हात धरून ओक्साबोक्शी रडली, त्यांच्यासमोर. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचे आहेत, हे मावशीने फोनवर उलगडून दिलेलंही त्यांनी तिला सांगितलं.

मग डोळे पुसून तिने पहिलं काम केलं. मावशीला फोन लावला.

पलीकडून मावशीची किंकाळी दारापर्यंत ऐकू आली. "काय सांगतेस! खरंच? देवा!"

चष्मेवालीला आधी फोन केल्याचं बाबांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. मी म्हटलं, "मग तेव्हा तरी गेला का तुमचा राग?"

"कुठला जातोय," बाबा म्हणाले. "उलट वाढला. इतकं सफाईने खोटं मला जन्मात बोलता आलं नसतं तुझ्या आईसाठी."