इस्पिकचे तीन एक्के

झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरताना भाऊसो रिमची एक कड अंगठ्याने फर्रकन सोडतात. पाचशे पानं एकामागून एक सुटतात, हवा खातात आणि मगच ट्रेमध्ये जातात. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ही करामत वाटते. सुटे पैसे परत दिले की भाऊसो दोन्ही तळवे एकमेकांवर हलकेच आपटतात, उताणे करतात, पुन्हा पालथे करतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. ही करामत नाही, सवय आहे. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर त्यांनी चौदा वर्षं पत्ते वाटले. टेबल सोडताना डीलरने हात रिकामे आहेत हे छताच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं. बोटीवरचं काम सुटून आठ वर्षं झाली. हात अजून दाखवतात.

२००३ साली ते काम करत होते ते थिएटर बंद पडलं, तेव्हा भाऊसो पस्तिशीला आले होते. तालमीच्या कट्ट्यावर त्यांच्यासारखा पत्ता कुणी पिसत नसे, एवढंच भांडवल. ओळखीच्या एकाने गोव्याला नेलं. तिथल्या साहेबाने पत्त्यांचे दोन जोड पुढे सरकवले, पाच मिनिटं हात पाहिले आणि उद्यापासून या म्हणून सांगितलं.

त्या दिवसांबद्दल भाऊसो फारसं बोलत नाहीत, पण बोलायला लागले की तपशील चुकत नाहीत. धक्क्यावरून बोटीकडे नेणारी छोटी लाँच, तिच्यातला डिझेलचा वास. टेबलावरच्या हिरव्या बनातीच्या कापडावरून पत्ता सरकताना येणारा आवाज. जेवणाच्या सुट्टीत नेपाळी, मणिपुरी आणि गोवेकर पोरं बायकोने, मीनाबाईंनी, बांधून दिलेल्या लसणाच्या चटणीवर तुटून पडायची. शनिवारी कोल्हापूरची गिऱ्हाइकं आली की तोंड उघडायच्या आधी चालीवरून ओळखू यायची. टेबलाशी बसल्या बसल्या आवाज यायचा, "पावणं, जरा चांगलं पान टाका की!" आणि पत्ते वाटणारे पावणं कोल्हापूरचेच हायत हे कळलं की सगळं टेबल उभं राहून हात मिळवायचं. साहेब लांबून डोळे वटारायचा.

शेवटची पाच वर्षं ब्लॅकजॅकच्या एका टेबलावर जॅकपॉट होता. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसचा खेळ. आपली पानं एकवीसच्या जवळ न्यायची, पण वर जायचं नाही, आणि डीलरला हरवायचं. खेळायला किमान हजाराची चिप, म्हणजे पैशाच्या बदल्यात मिळणारी चकती, लावावी लागे. शेजारी एक गोल खळगा होता. त्यात आणखी शंभर टाकले की लाल दिवा लागे. आपली पहिली दोन पानं आणि डीलरचं उघडं पान, तिन्ही इस्पिकचे एक्के आले, तर भिंतीवरच्या मीटरवर असेल ती सगळी रक्कम आपली. प्रत्येक शंभरातला थोडा भाग त्या मीटरमध्ये जाई, म्हणून आकडा रोज वाढत राही. एखाददुसरा एक्का आला तर छोटी बक्षिसं होती.

भाऊसोंनी हे गणित तेव्हाच मांडलं होतं. सहा जोडांच्या पेटीतून तसे तीन एक्के येण्याची शक्यता अडीच लाखांत एकदा. शंभरातले चाळीस रुपये छोट्या बक्षिसांतून परत येतात. उरलेले साठ त्या एका हातातून, म्हणजे एका वाटपातून, भरून यायचे, तर मीटर दीड कोटीच्या वर हवा. त्यांच्या काळात तो कधी सत्तर लाखांपलीकडे गेला नाही. कोल्हापूरला परतल्यावर कट्ट्यावर कुणी विचारलं की ते ठाम सांगत, "दीड कोटीच्या आत हात लावू नगा. वर गेला तर कागदावर हरकत न्हाय." लोकांना हे वाक्य आवडे. भाऊसोंनाही आवडे.

हे वाक्य मागच्या मार्च महिन्यात एका रविवारी त्यांच्या दारात आलं. पुतण्या पृथ्वीराज उचगावहून मोटारसायकलवर आला. तो तिशीचा, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं टर्नर, लेथ मशीनवर लोखंड कातणारा. स्वतःची लेथ घ्यायची म्हणून त्याने चार लाख साठवले होते. एक जुनी, चांगली मशीन बघूनही ठेवली होती. आता त्याने मोबाइल काकांच्या नाकापुढे धरला.

"काका, आमच्या वर्कशॉपातला आदर्श परवा बोटीवर गेलता. त्यानं फोटू धाडलाय. बघा, एक कोटी सत्तावन्न लाख!"

"बरं मग?"

"बरं मग काय? तुम्हीच म्हणला हुता, दीड कोटीच्या वर. बुधवारी सुट्टी टाकतोय."

"किती घेऊन?"

"हाय तेवढं."

मीनाबाई आतून म्हणाल्या, "मशीन नगो व्हय आता?"

"काकी, मशीनच घ्यायची. पण नवी! आदर्श म्हणतोय, मीटर पिकलाय. उसासारखा. आता कोण तर तोडणारच, मग आपण का न्हाय?"

"ऊस तुझ्या रानात असतोय म्हणून तू तोडतोस," भाऊसो म्हणाले. "ह्यो दुसऱ्याच्या रानातला हाय."

पण पोरगं त्यांचाच आकडा घेऊन आलं होतं आणि आकडा बरोबर होता.

त्यांनी कपाटावरची पत्र्याची पेटी काढली. आत बोटीवरून आणलेले सहा जोड होते. बाद केलेल्या प्रत्येक पत्त्याला मधोमध भोक पाडलेलं असतं, तसं याही पत्त्यांना होतं. मीनाबाईंच्या शिलाईच्या टेबलावर चादर पसरली. हजाराच्या चिपा म्हणून पन्नास शेंगदाणे, जॅकपॉटचे शंभर म्हणून शंभर चिंचोके. भाऊसोंनी पत्ते पिसले. आठ वर्षांनी पहिल्यांदाच पुरे सहा जोड त्यांच्या हाताखाली होते. उजवा अंगठा सकाळी आखडतो, याचं त्यांना भय होतं. अंगठ्याने दगा दिला नाही. पत्ते पाण्यासारखे एकमेकांत शिरले. पृथ्वीराज खेळ विसरून बघत राहिला, आणि भाऊसोंना उगीच लाँचच्या डिझेलचा वास आला.

दोन तास वाटप चाललं. एक्का आला की पृथ्वीराज आरोळी ठोके. भाऊसो शिस्तीप्रमाणे आधी चिंचोक्यांचा निकाल लावत, मग शेंगदाण्यांचा. एकशे चाळीस हात झाले तेव्हा चिंचोके सोळा उरले.

"शंभराला साठ जातात, सांगितलं न्हवतं? सारखे साठ जातात, जोवर तीन एक्के येत न्हाईत तोवर."

"पर आले की समदं परत! कागदावर फायदा हाय का न्हाय, तेवढं सांगा."

भाऊसोंना खोटं बोलता येईना. "शंभराला दोन-अडीच रुपये. कागदावर."

"मग झालं की!"

मीनाबाई शेंगदाण्यांसाठी आल्या होत्या. आमटीला कूट करायचा होता. त्यांनी पृथ्वीराजपुढचे दाणे डब्यात भरले आणि म्हणाल्या, "पन्नास दिलते. एक्केचाळीसच हायत. कुणी खाल्लं?"

"कुणी न्हाय खाल्लं. खेळात गेलं," भाऊसो म्हणाले. "त्यो डाव वेगळा, ह्यो वेगळा."

"वेगळा कसा? दोन्ही ढीग ह्येच्याच खिशातले न्हवं?"

भाऊसोंचा हात पत्त्यांवर तसाच राहिला. चौदा वर्षं त्यांनी जॅकपॉटचा निकाल आधी आणि मुख्य डावाचा नंतर लावला होता. वेगळ्या चिपा, वेगळी खाच. डोक्यात ते दोन वेगळे खेळ झाले होते. पण हजार लावल्याशिवाय शंभर लावायला मिळतच नाहीत. आणि बेतास बात खेळणाऱ्याचे त्या हजारावर दर हाताला वीसेक रुपये जातात, हे ते झोपेतही सांगू शकले असते. साठात वीस मिळवले तर ऐंशी. म्हणजे मीटर दीड नव्हे, दोन कोटीच्या वर हवा. आठ वर्षं कट्ट्यावर ते चुकीचा आकडा सांगत होते.

"पृथ्या," ते म्हणाले, "माझं चुकलं."

पृथ्वीराजने मान वर केली. काकांच्या तोंडून हे वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. भाऊसोंनी झेरॉक्सच्या रद्दी कागदावर आकडे मांडले. चार लाख, हाताला ऐंशी, म्हणजे पाच हजार हात. पाच हजार हातांत तीन एक्के दिसायची शक्यता शंभरात दोन.

"तुझ्या वर्कशॉपात शंभर नगांतले अठ्ठ्याण्णव रिजेक्ट झाले, तर मालक तुला ठेवील का?"

"हाकलून देईल."

"मग?"

पृथ्वीराजने कागद स्वतःकडे ओढला. मग त्याने विचारलं, "तुम्ही कधी बघितलं व्हय, तीन एक्के?"

"दोनदा. माझ्याच हातनं पडले." पहिल्यांदा एक बाई होती, सुरतेकडची. ती रडली, मग हसली, मग नवऱ्याला फोन लावला. दुसऱ्यांदा निपाणीचा एक माणूस. तो प्रत्येक हाताला शंभर टाकायचा. त्या हाताला त्याचा फोन वाजला आणि टाकायचे राहिले. दिवा विझलेला होता. तीन एक्के पडले आणि त्याला जॅकपॉटचा रुपयाही मिळाला नाही. त्यानंतर तो दर शनिवारी आला, दोन वर्षं. एकही हात दिव्याशिवाय खेळला नाही. मग यायचा बंद झाला.

सोमवारी पृथ्वीराजने लेथचा ॲडव्हान्स दिला.

शुक्रवारी आदर्शचा दुसरा फोटो आला. मीटर वीस लाखांवर उतरला होता. गुरुवारी हुबळीच्या एका माणसाने तीन एक्के काढले होते. पृथ्वीराजने तो फोटो काकांना पाठवला. महिनाभर तो मंगळवार पेठेत फिरकला नाही. भाऊसोंनी गणित पुन्हा मांडून पाहिलं. ते बदललं नव्हतं.

मशीनच्या पूजेला मात्र बोलावणं आलं. उचगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये हिरव्या रंगाची जुनी लेथ उभी होती, नग पकडणाऱ्या चकवर झेंडूचा हार. पृथ्वीराजने नारळ काकांच्या हातात दिला, पण नजर दिली नाही. नारळ फुटला, प्रसाद वाटला. मग त्याने पहिला नग लावला. लोखंडाचा निळसर कीस वेटोळी घेत खाली पडू लागला. त्याने व्हर्नियर लावून माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"बरोबर?" भाऊसोंनी विचारलं.

"बरोबर." मशीनकडे बघतच तो म्हणाला, "काका, बुधवारी गेलो असतो तर..."

"तर बुधवारचे हात वेगळे पडले असते. गुरुवारी त्यो हुबळीवाला बसलाच नसता कदाचित, न्हायतर बसला असता. मला सांगता येत न्हाय."

"पण आलं असतं तर?"

भाऊसोंना निपाणीच्या माणसाचा चेहरा आठवला. हाही दर शनिवारी यायला लागेल का, असं क्षणभर वाटून गेलं. बोटीवर नाही, मनातल्या मनात.

"आलं असतं तर आलं असतं," ते म्हणाले.

पृथ्वीराजने पहिला नग त्यांच्या हातात ठेवला. अजून गरम होता. भाऊसोंनी तो फिरवून पाहिला, कडेवरून अंगठा नेला आणि परत दिला. मग दोन्ही तळवे हलकेच आपटले, उताणे केले, पालथे केले. शेडला छत होतं, कॅमेरा नव्हता. पृथ्वीराजने दुसरा नग चकमध्ये आवळला.